पांढरं सोनं, कागदी नोटा आणि अमेरिकेची यादवी

सरकीवाला (धागाकर्ता)

खामगावला आमच्या घरात तीन पिढ्या कापसाची अडत होती. गाडी आली की आजोबा वरचा कापूस बघायचेच नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालून मधला पुंजका काढायचे, सरकी बाजूला करून तंतू दोन्ही हातांच्या चिमटीत ओढायचे, तुटलेलं टोक उजेडाकडे धरायचे आणि मग भाव बोलायचे. भाव अजून चढेल म्हणून माल घरात दाबून ठेवणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. "कापूस घरात ठेवला की उंदरं श्रीमंत होतात," म्हणायचे.

हे आठवलं अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल (१८६१ ते १८६५) वाचताना. आपल्याकडे हा विषय लिंकन, गुलामगिरी आणि गेटिसबर्ग एवढ्यात आटोपतो. युद्ध गुलामगिरीपायी पेटलं, त्याबद्दल माझा काही वाद नाही. मला लिहायचंय ते निकालाबद्दल. दक्षिण (म्हणजे अमेरिकेतून फुटून निघालेली गुलामगिरीची राज्यं) हरली ती माणसं लढायला कमी पडली म्हणून, असं कोणी म्हणणार नाही. माझं मत असं की दक्षिणेकडे संपत्ती रग्गड होती, पण पैसा नव्हता. आणि संपत्तीचा पैसा करायची एकुलती एक संधी होती, तेव्हा त्यांनी माल दाबून ठेवला.

१८६० साली ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस याच दक्षिणेतून जायचा. साउथ कॅरोलिनाचे सिनेटर जेम्स हॅमंड यांनी १८५८ मध्येच भर सभागृहात सांगून टाकलं होतं की कापूस राजा आहे, त्याच्याशी युद्ध करायची जगात कोणाची हिंमत नाही. त्यामुळे युद्ध सुरू झाल्यावर हिशेब अगदी सोपा वाटला. कापूस अडवायचा. इंग्लंडमधल्या लँकशायरच्या गिरण्या बंद पडतील, मजूर रस्त्यावर येतील, आणि ब्रिटन झक मारत आपल्याला मान्यता देईल. १८६१ चा हंगाम आला तेव्हा दक्षिणेने कापूस बंदरावर जाऊच दिला नाही.

गंमत बघा. लिंकनने १९ एप्रिल १८६१ ला नाकेबंदी जाहीर केली तेव्हा साडेतीन हजार मैलांचा किनारा अडवायला उत्तरेकडे पुरेशी जहाजंच नव्हती. पहिलं वर्षभर नाकेबंदी म्हणजे चाळणी. तेव्हा कापूस युरोपात नेऊन विकला असता, तर त्याच्या जोरावर बंदुका, इंजिनं, रेल्वेचे रूळ, सगळं उधारीवर मिळालं असतं. पण वखारी भरल्या. तिकडे लिव्हरपूलच्या वखारीही आधीच्या बंपर पिकांनी भरलेल्या होत्या, त्यामुळे टंचाईचा खरा चटका बसायला १८६२ उजाडलं. तोवर न्यू ऑर्लिन्स उत्तरेच्या हातात गेलं होतं आणि किनारा आवळत आला होता. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून दक्षिणेने स्वतःच्याच हाताने लाखो गाठी जाळल्या.

शहाणपण आलं मार्च १८६३ मध्ये. पॅरिसच्या एर्लांजे पेढीमार्फत त्यांनी कापूस तारण ठेवून तीस लाख पौंडांचे रोखे काढले. रोखेवाल्याला कापूस वजनाच्या पौंडाला ६ पेन्सांनी मिळणार, आणि बाजारात भाव त्याच्या तिप्पट-चौपट! पण माल दक्षिणेतच ताब्यात घ्यायचा, नाकेबंदी फोडून बाहेर काढायचं तुमचं तुम्ही बघा. जुलैत गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग दोन्हीकडे मार बसला आणि रोखे गडगडले.

मग उरला छापखाना. राज्यांवर केंद्राची हुकमत नको म्हणणाऱ्यांना केंद्राचा कर तरी कसा पचावा? त्यात श्रीमंतांची सगळी मालमत्ता जमिनीत आणि गुलामांत. १८६० मध्ये देशातल्या चाळीस लाख गुलामांची बाजारातली किंमत तीन अब्ज डॉलरच्या घरात धरत, म्हणजे देशातल्या रेल्वे आणि कारखान्यांच्या भांडवलापेक्षा जास्त. वहीत केवढा आकडा! पण त्यातून तोफ विकत घेता येत नाही. करातून युद्धखर्चाचा दहावा हिस्साही निघाला नाही, निम्म्याहून जास्त खर्च नोटा छापून भागवला. युद्ध संपताना महागाई सुरुवातीच्या नव्वद पटींच्या पुढे होती. उत्तरेत याच काळात भाव दुपटीच्या आतच राहिले.

२ एप्रिल १८६३ ला दक्षिणेची राजधानी रिचमंडमध्ये शेकडो बायका कुऱ्हाडी, सुऱ्या घेऊन पावासाठी रस्त्यावर उतरल्या आणि दुकानं फोडली. राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस गाडीवर चढले, खिशातली नाणी गर्दीत फेकली, आणि घरी गेला नाहीत तर गोळ्या घालायला लावीन म्हणाले. बायका पांगल्या. धान्य पिकवणाऱ्या प्रदेशाच्या राजधानीतली गोष्ट आहे ही.

आता आपल्याकडचं. दक्षिणेने जो कापूस अडवला त्याची जागा घेणारा माल गेला इजिप्तमधून, ब्राझीलमधून आणि मुख्यतः हिंदुस्थानातून. १८६२ मध्ये ब्रिटनच्या आयातीत निम्म्याहून बराच जास्त कापूस आपला होता. गुजरात, खानदेश, वऱ्हाड. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला, गिरणीवाले त्याला शिव्या घालायचे, पण घ्यायचे. लिव्हरपूलला युद्धाआधी सात-आठ पेन्स असलेला अमेरिकन कापूस १८६४ मध्ये पंचवीस पेन्सांच्या वर गेला, तेव्हा आपल्या कचऱ्यालाही सोन्याचा भाव आला. वऱ्हाडात शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या होत्या असं सांगतात. आजोबा सांगायचे तेव्हा आम्ही हसायचो. पुढे इंग्रजी लिखाणातही तीच गोष्ट भेटली. खरंखोटं चांदी जाणे.

थोडक्यात, कापूस राजा खरा, पण त्याचे भाऊबंद जगभर होते. कोणाला या विषयात भर घालायची असेल तर घाला.

कृष्णाकाठ

वाचतोय. चांदीच्या धावा आमच्याकडे उसाच्या संदर्भात ऐकल्यात, त्यामुळे जरा जपून. :)

जुनी_कात्रणं

छान लेख. एक दुरुस्ती: कापूस अडवण्याचा कायदा दक्षिणेच्या (कॉन्फेडरेट) काँग्रेसने कधी केलाच नाही. तिथे चर्चा झाली, पण ब्रिटनला ती उघड धमकी वाटेल म्हणून डेव्हिस यांना कागदावर काही नको होतं. अडवला तो मळेवाल्यांनी, दलालांनी आणि बंदरातल्या समित्यांनी. म्हणजे बाजार समितीचा बंद असतो तसा, सरकार त्यात नाही आणि आहेही.

लँकशायरची बाजूही सांगायला हवी. गिरण्या खरोखरच थांबल्या, लाखो मजूर मदतीच्या अन्नावर जगले. पण ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या कामगारांच्या सभेने लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं आणि जानेवारीत लिंकनचं उत्तर आलं. त्या पाठोपाठ न्यूयॉर्कहून जॉर्ज ग्रिसवोल्ड नावाचं जहाज पीठ आणि खाण्याचं सामान घेऊन लिव्हरपूलला आलं. सगळे गिरणगाव लिंकनच्या बाजूने होते असं मात्र समजू नका, दक्षिणेला मान्यता द्या म्हणणारेही तिथेच होते.

आणि गहू विसरलात! त्याच वर्षांत ब्रिटनमध्ये पिकं वाईट आली आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांतून गहू गेला. कापूस नसेल तर गिरणी बंद, गहू नसेल तर चूल बंद. लंडनमधल्या मंत्र्यांना हा फरक कळत होता.

रिचमंडवासी

मी गेली अकरा वर्षं रिचमंडमध्ये राहतो. ट्रेडेगर हा दक्षिणेचा तोफा ओतणारा सगळ्यात मोठा लोखंड कारखाना, जेम्स नदीकाठी, आता तिथे यादवी युद्धाचं संग्रहालय आहे. घरी पाहुणे आले की न्यावंच लागतं, त्यामुळे सात-आठ वेळा झालंय.

मला तिथे नेहमी थांबवते ती काचेमागची दहा डॉलरची नोट. १८६४ ची. चित्रात घोडे तोफ ओढत चाललेत. आणि नोटेवर मजकूर काय, तर कॉन्फेडरेट राज्यं आणि संयुक्त संस्थानं यांच्यात शांततेचा तह मंजूर झाल्यावर दोन वर्षांनी धारकाला दहा डॉलर देऊ! आधीच्या नोटांवर हीच मुदत सहा महिने होती. आपल्या नोटेवर "मैं धारक को" असतं, तिथे अट कुठली नसते. इथे आधी जिंका, मग तह करा, मग दोन वर्षं थांबा. साहजिकच लढाईची बातमी आली की नोटेचा भाव हलायचा. नोटांवर सह्या हाताने करायच्या, त्यासाठी खजिन्यात कारकून बसवले होते, त्यात बऱ्याच बायका. रोज शेकड्याने सह्या. महागाई बोटांनी मोजता येत होती त्यांना.

आणखी एक. दक्षिणेने आपल्या नोटांना कायदेशीर चलन म्हणून सक्तीचं कधीच केलं नाही. उत्तरेने फेब्रुवारी १८६२ च्या कायद्याने आपल्या हिरव्या नोटा सक्तीच्या केल्या. त्यात भर म्हणजे फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल अपहॅम नावाच्या दुकानदाराने दक्षिणेच्या नोटांच्या नकला 'आठवण' म्हणून विकायला काढल्या. खाली कडेला त्याचं नाव छापलेलं, तेवढी पट्टी कातरली की झाली नोट तयार.

तिरकस

सगळं ठीक आहे, पण हे निकाल लागल्यावर पेपर सोडवण्यासारखं वाटतंय.

उत्तरेकडे माणसं दुपटीहून जास्त, कारखाने कितीतरी पट, देशातल्या सुमारे तीस हजार मैल रेल्वेतले एकवीस हजार मैल. मग चार वर्षं का लागली? २३ ऑगस्ट १८६४ ला खुद्द लिंकनने लिहून ठेवलं होतं की आपण निवडणूक बहुधा हरणार. मंत्र्यांकडून त्या घडी घातलेल्या कागदावर न वाचता सह्या घेतल्या. दहा दिवसांनी, २ सप्टेंबरला, उत्तरेचा सेनापती शर्मनने दक्षिणेतलं अटलांटा घेतलं आणि हवा फिरली. अटलांटा पडायला दोन महिने उशीर झाला असता तर? तर हाच धागा तुम्ही 'श्रीमंत उत्तर का हरली' या नावाने काढला असता आणि त्यातही कापूसच असता.

व्हिएतनाममध्ये पैसा कोणाकडे होता आणि जिंकलं कोण, तेही सांगा.

सरकीवाला

@जुनी_कात्रणं, दुरुस्ती मान्य. बाजार समितीची उपमा चपखल.

@तिरकस, वार बरोबर जागी बसलाय. पैसा असला की युद्ध आपोआप जिंकता येतं असं मी म्हणत नाही. पैशाने वेळ विकत घेता येतो, एवढंच. उत्तरेने चुका कमी केल्या का? १८६२ मध्ये रिचमंडच्या वेशीवरून परत आले, डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्गला सैन्य कापून घेतलं. पण प्रत्येक वेळी नवी फौज उभी राहिली, तिला बूट मिळाले, पगार उशिरा का होईना पण चालणाऱ्या नोटांत मिळाला. म्हणून ऑगस्ट १८६४ पर्यंत खेळात तरी राहिले. दक्षिणेला एकही मोठी चूक परवडत नव्हती.

हा पैसा आला कुठून हे मला सगळ्यात रंजक वाटतं. जे कुक नावाचा फिलाडेल्फियाचा एक सावकार. त्याने सरकारी रोखे बड्या पेढ्यांपुरते न ठेवता गावोगावी विकले. अडीच हजारांच्या आसपास एजंट, वर्तमानपत्रांत जाहिराती, सगळ्यात लहान रोखा पन्नास डॉलरचा. आपल्याकडे पोस्टाच्या बचतीचे एजंट दारात येऊन बसायचे ना, तसं. शिक्षिका, सुतार, शेतकरी यांनी घेतले. जानेवारी १८६४ पर्यंत अशा एका मालिकेचे पन्नास कोटी डॉलरचे रोखे खपले. शिवाय १८६१ मध्ये देशात पहिल्यांदा आयकर, १८६३ मध्ये राष्ट्रीय बँकांचा कायदा. उत्तरेचा साधारण पाचवा हिस्सा खर्च करातून निघाला, दोन तृतीयांशाच्या आसपास कर्जातून, नोटांचा वाटा त्याहून बराच कमी. देशाचं कर्ज साडेसहा कोटी डॉलरवरून पावणेतीन अब्जांच्या जवळ गेलं. रोखा घेतलेल्या सुताराला आता सरकार टिकावं असं वाटणारच, त्याचे पन्नास डॉलर अडकलेत! दक्षिणेच्या शेतकऱ्याचा मात्र दहावा हिस्सा धान्य १८६३ च्या कायद्याने सरकार कर म्हणून उचलून नेत होतं, बदल्यात काहीच नाही.

व्हिएतनामचं म्हणाल, तर उत्तर व्हिएतनामच्या मागे चीन आणि सोव्हिएत संघ होते. तिजोरी होती, फक्त दुसऱ्याच्या घरात.

तिरकस

'दुसऱ्याच्या घरात' हे सोयीचं उत्तर आहे. पण चालेल.

माजघर

सगळे रोखे आणि नोटा मोजताय, जरा घरात बघा.

दक्षिणेत मिठाची इतकी टंचाई झाली की मांस खारवायच्या खोल्यांची जमीन उकरून, ती माती पाण्यात घालून, पाणी आटवून मीठ काढायच्या बायका. मिठाशिवाय डुकराचं मांस टिकत नाही, आणि तेच तर सैन्याचं जेवण. कॉफीऐवजी भाजलेलं रताळं, भेंडीच्या बिया. व्हिक्सबर्गच्या वेढ्यात वर्तमानपत्र भिंतीला लावायच्या रंगीत कागदाच्या पाठीवर छापलं. हे वाचताना शूर वाटतं, पण नवरा आघाडीवर, शेत पडीक आणि नोटेला किंमत नाही, अशी बाई पत्रात काय लिहिणार? घरी या. आणि हजारोंनी गेले. ऑक्टोबर १८६२ च्या कायद्यात वीस किंवा जास्त गुलाम असलेल्या मळ्यावरच्या एका गोऱ्या पुरुषाला लष्करभरतीतून सूट होती. ज्यांच्याकडे एकही गुलाम नव्हता त्यांनी काय समजायचं ते समजले.

आणि ज्यांना तुम्ही मघाशी तीन अब्जांच्या आकड्यात टाकलंत, सरकीवाला, ती 'मालमत्ता' पायांनी चालत उत्तरेच्या छावण्यांकडे निघून गेली. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियाच्या फोर्ट मन्रोला तिघे जण रात्रीतून आले, तिथून सुरुवात. युद्ध संपेपर्यंत सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत होते. दक्षिणेच्या वहीतली जमा थेट समोरच्याच्या वहीत. माझ्या मते अर्थव्यवस्थेने निकाल फिरवला तो इथे. कापूस जळाला तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतो, पण पेरणारा कोण?

महात्मा फुल्यांनी १८७३ च्या आपल्या ग्रंथाची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या लोकांच्या नावे लिहिली, हे या धाग्यात कोणीतरी म्हणायला हवंच होतं.

सरकीवाला

माजघरताई, चूक माझी. किंमत लिहिली आणि माणसं लिहायची राहिली. तुमचा मुद्दा माझ्यापेक्षा वजनदार आहे.

पैलूदार

मी हिऱ्यांच्या धंद्यात, त्यामुळे मला अंगोलाची यादवी आठवली. १९७५ ते २००२. सरकारकडे समुद्रातलं तेल, साविंबींच्या युनिटा या बंडखोर संघटनेकडे ईशान्येच्या नद्यांतले हिरे. वरवर दोघंही श्रीमंत. पण तेल काढायला परदेशी कंपनी लागते, ती सरकारशी करार करते, आगाऊ पैसे देते, त्यावर कर्ज मिळतं. हिरा खिशातून जातो. चोरून विकायला सोपा, म्हणूनच बंडखोर इतकी वर्षं टिकले. पण चोरून विकलेल्या मालाला भाव पडून मिळतो, आणि १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सरकारी दाखला नसलेल्या अंगोलन हिऱ्यांवर बंदी घातल्यावर गिऱ्हाईक आणखी आखडलं. फेब्रुवारी २००२ मध्ये साविंबी मारले गेले, एप्रिलमध्ये युद्ध थांबलं. गोळी लागली हे खरं, पण तोवर फौज उपाशी होती.

यातली सगळ्यात मोठी विनोदी गोष्ट: शीतयुद्धाच्या काळात अंगोलाच्या काबिंडा प्रांतातल्या अमेरिकन कंपनीच्या तेलविहिरींना सरकारच्या बाजूने आलेल्या क्यूबन सैनिकांचा पहारा होता, आणि अमेरिका मदत करत होती युनिटाला.

आमच्याकडे कच्च्या मालाच्या पाकिटाबरोबर किंबर्ली दाखला लागतो ना, तो याच सगळ्या भानगडींतून २००३ मध्ये आला.

सुपेकर

मूळ लेखात आपल्या बाजूचा शेवट नाही, तो लिहितो.

तिकडे एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली आणि इकडे मुंबईत कापूस कोसळला. चार वर्षं पैशाचा पूर होता. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे राजे, बँका आणि समुद्र बुजवायच्या कंपन्या रोज निघत होत्या, त्यातल्याच बॅकबे कंपनीच्या शेअरचा भाव सांगायला लोक रस्त्यात थांबत. वायद्यांचा निवाडा १ जुलै १८६५ ला होता. त्या दिवशी अर्धी मुंबई बुडाली. जुनी बँक ऑफ बॉम्बे पुढे गुंडाळावी लागली. फोर्टातला राजाबाई टॉवर त्याच पैशातला. प्रेमचंदांनी १८६४ मध्ये देणगी कबूल केली आणि आईचं नाव दिलं. मनोरा पुरा झाला १८७८ मध्ये.

खेड्यात मात्र मनोरे नाहीत. तेजीत सावकाराने हात सैल सोडला होता, सरकारने तेजीचे भाव धरून सारा वाढवला. भाव पडले, सारा पडला नाही. १२ मे १८७५ ला आमच्या सुप्याच्या बाजारात सावकारांची दुकानं फोडून कर्जरोखे जाळले, मग पुणे-नगरभर लोण पसरलं. पण हेही सांगतो, आमच्याकडे मुख्य पीक ज्वारी-बाजरी, कापूस नाही. त्यामुळे 'अमेरिकेत युद्ध थांबलं म्हणून सुप्यात दंगा झाला' ही सरळ रेघ मला पटत नाही. पैसा आला तो रेल्वेच्या आणि इतर बांधकामांच्या मजुरीतूनही, आणि तीही त्याच सुमारास आटली.

सरकीवाला

बरोबर. वऱ्हाडचीही तीच थट्टा. नागपूरपर्यंत रेल्वे पोचली १८६७ मध्ये, खामगावचा फाटा १८७० मध्ये. तेजीत माल बैलगाडीतून, मंदीत आगगाडीतून.

कृष्णाकाठ

@रिचमंडवासी, ती घोड्यांची नोट विकत मिळते का? मुलाला नाणी-नोटांचा नाद आहे.

रिचमंडवासी

संग्रहालयाच्या दुकानात नकला मिळतात, स्वस्त. अस्सल हवी असेल तर जुन्या नोटांच्या दुकानात. मी दोन वर्षांपूर्वी दहाची एक घेतली, बरीच चुरगळलेली, चाळीस डॉलरच्या वर पडली. डिसेंबरात पुण्याला येतोय, मुलासाठी नक्कल आणतो. अस्सल मागू नका.